दार रोजच वाजते

१

चतुराबाईचं म्हणणं कोणीच खरं धरलं नाही. जिनाच्या मालकानं नाही, मालकाच्या पुतण्यानं नाही. घरी सुनेला सांगितलं तर ती पोळी लाटता लाटता म्हणाली, आई, बीपीची गोळी घेतली का आज? गोळी घेतली होती. गोळीचा आणि दाराचा काही संबंध नव्हता.

चतुराबाई धामणगाव रेल्वेच्या एका जिनात मुकादमीण. शाळा चौथीपर्यंत, तोंड मात्र वकिलाचं. जिनात शेतातला कापूस येतो, मशिनी त्यातली सरकी काढून टाकतात, उरते ती रुई. ती एका मोठ्या खोलीत साठते आणि वीस बाया तिथं बसून तिच्यातला पाला, दोरे, काळं पडलेलं बोंड वेचतात. त्या वीस बायांवर चतुराबाई. तिनं हाक मारली की मशिनी चालू असतानाही ऐकू जायची. तू खोटं बोलतेस असं तिला तोंडावर म्हणायची आजवर कोणाची छाती झाली नव्हती, आणि आता एक साधी गोष्ट सांगते तर माणसं हसत होती.

गोष्ट एवढीच. दुपारी एकला भोंगा होतो, मशिनी थांबतात, बाया अंगणापलीकडच्या कडुलिंबाखाली डबे सोडायला जातात. सगळं शांत झालं की दहा मिनिटांनी रुईच्या खोलीचं लोखंडी दार आतून वाजतं. आत कोणी नसतं.

मालकाचा पुतण्या ललित डिप्लोमा झालेला. त्यानं तिला समजावलं. "मावशी, लोखंड आहे ते. उन्हानं फुगते, गार झालं की आकसते. त्याचा आवाज येते."

"मंग रोज दहा मिनिटांनीच कावून आकसते? अन् तीनदाच कावून?"

"तुमी तीनच मोजून राहिल्या, म्हणून तीन," ललित म्हणाला आणि मोबाईल बघत निघून गेला.

मुळात तिनं त्याला सगळं सांगितलंच नव्हतं. तीन ठोक्यांनंतर जे वाजायचं, ते तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.

२

दार आलं दोन वर्षांपूर्वी, अकोल्याहून, भंगारातून. रुईच्या खोलीला आग अडवेल असं लोखंडी दार लावा, नाहीतर परवाना मिळणार नाही, असं तपासणीला आलेला साहेब सांगून गेला होता. आणि मालक खुशालराव म्हणजे जुनं मिळत असताना नवं घेणारा माणूसच नव्हे.

टेम्पोतून उतरवायला आठ माणसं लागली. चौकटीसकट होतं. उंबरठा दीड वीत उंच, पाय उचलून ओलांडावा लागायचा. मधोमध मोटारीच्या स्टेअरिंगसारखं चाक, ते फिरवलं की चारही बाजूंच्या आठ खिट्ट्या एकदम बसायच्या. डोळ्यांच्या उंचीला तळहाताएवढी गोल, जाड काच. आतल्या बाजूलाही कधीकाळी चाक असावं, पण ते कोणी गॅसनं कापून नेलं होतं. नुसता खुंट उरला होता.

चौकीदार गजेंद्रनं विचारलं, की मालक, मग हे आतून उघडायचं कसं? खुशालराव म्हणाले, "आत रुई राह्यते बे. ते काय उठून बाहेर येऊन राहिली?" सगळे हसले. चतुराबाई सगळ्यांत मोठ्यानं हसली.

जेवायच्या सुट्टीत ललितनं भंगारवाल्याकडून ऐकलेलं बायांना रंगवून सांगितलं. दार अमेरिकेच्या लढाऊ जहाजाचं. जहाज असं, की एकेका तोफेच्या नळीत माणूस झोपेल. हजार-दीड हजार माणसं वर राहायची. त्यांचा भटारखाना वेगळा, न्हावी वेगळा, शिंपी वेगळा. मोठ्या लढाईत पाण्याखालून काहीतरी येऊन त्याच्या पोटाला लागलं आणि समुद्र आत शिरला. वरून हुकूम झाला, दारं लावा. दारं लावली म्हणून जहाज तरंगत राहिलं. जे आत होते ते आत.

"अन् त्याईचं काय झालं?" शकुननं विचारलं. बायांत ती सगळ्यांत लहान, अंजनगाव सुर्जीहून लग्न होऊन आलेली, हातभर हिरव्या बांगड्या घालणारी.

"काय होईन? वाजवत राहिले म्हणते. बंदराले पोचाले नऊ दिवस लागले. चार दिवस आवाज येत होता. उघडलं असतं तं सारेच बुडाले असते."

शकुननं हातातला घास डब्यात परत ठेवला. ललित पुढं सांगत राहिला. जहाज दुरुस्त झालं, पुन्हा लढलं, लढाई संपेपर्यंत लढलं. मग त्याला काही कामच उरलं नाही. बारा वर्षं एका खाडीत साखळीला बांधून ठेवलं. मग नवी पोरं त्याच्यावर शिकली. मग लोक तिकीट काढून बघायला येऊ लागले, पुढं तेही कमी झाले. रंगाचा खर्च निघेना तेव्हा वजनावर विकून टाकलं. इंजिन केव्हाच मेलेलं. दुसऱ्या जहाजानं दोर लावून अर्धी पृथ्वी ओढत त्याला गुजरातच्या किनाऱ्याला आणलं, मोठ्या भरतीला वाळूवर चढवलं, आणि बिहारची, ओडिशाची माणसं दीड वर्ष त्याला कापत बसली. पत्र्याच्या सळया झाल्या, खाटा-ताटं रस्त्याकडेच्या दुकानांत गेली. दार आलं धामणगावला.

जहाजाचं नाव बायांनी विचारलं. ते ललितला माहीत नव्हतं. भंगारवाल्यालाही नव्हतं.

३

दाराला रंग द्यायचं काम गजेंद्रकडं आलं. तो संथ माणूस. आधी खरवडायला बसला तर रंगाखाली रंग निघत गेला. वर पांढरा, त्याखाली राखाडी, त्याखाली शाईसारखा निळा, मग पुन्हा राखाडी, सगळ्यांत खाली शेंदरी. आतल्या अंगाला, गुडघ्याच्या उंचीवर, त्याला खळगे लागले. एकाच जागी, दाटीनं, पान्यानं नाहीतर हातोडीनं ठोकल्यासारखे. प्रत्येक रंग त्या खळग्यांत उतरलेला होता. म्हणजे खळगे आधीचे. इतक्या वर्षांत इतक्या जणांनी वरून रंग दिला, बुजवले कोणीच नाहीत.

दार बसलं त्या आठवड्यातच ते वाजलं. ठक. ठक. ठक. मध्ये श्वास घेण्याइतकी फट. बाया डबे टाकून फाटकाकडं पळाल्या. चतुराबाईनं आत जाऊन पाहिलं, रुईखेरीज काही नव्हतं. तिनं खुशालरावांकडं तक्रार केली. ते म्हणाले, चतुराबाई, बाया पळवायच्या तुमीच नव्या तऱ्हा काढल्या तं हंगाम कसा निघावा?

ते तिला लागलं. दुसऱ्या दिवशी दार वाजलं आणि बाया उठू लागल्या, तेव्हा तीच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बसा वो. गोरे जेवाले मागून राहिले. द्या एखादी भाकर." बाया हसल्या. महिनाभरात दाराची भीती गेली. दार वाजलं की बाया म्हणायच्या, चला, पाहुण्यांचं जेवण झालं, आता आपण पाणी पिऊ. नवी बाई घाबरली तर चतुराबाईचं उत्तर ठरलेलं होतं. दार रोजच वाजते.

४

आग लागली गेल्या जानेवारीत. तिची हकिगत चतुराबाईनं पोलिसांना दिली ती अशी.

रुईच्या खोलीत चप्पल घालून जायचं नाही, हा जिनाचा नियम. चपलेच्या खिळ्यानं ठिणगी पडते. म्हणून बाया दाराबाहेर विटांच्या ओळीवर चपला काढतात, आणि मुकादमीण माणसं मोजत नाही, चपला मोजते. वीस जोड म्हणजे वीस बाया आत. ओळ रिकामी म्हणजे खोली रिकामी. त्या दिवशी मशिनी थांबता थांबता एक ठिणगी नळातून रुईत गेली आणि जेवायच्या सुट्टीत पेटली. धूर दिसला. गजेंद्र धावत आला आणि त्यानं कोणाला न विचारता दार लावून चाक फिरवलं. आतून काही आवाज आला नाही. बंब यायला दीड तास लागला. दार उघडलं तर शकुन उंबरठ्याशी होती.

एवढंच. खाली अंगठा नाही, सही. चतुराबाईला सही येत होती.

गजेंद्रवर केस झाली, नोकरी गेली. दार लावायला सांगितलं कोणी, असं पोलिसांनी विचारलं तर म्हणाला, हात माहा होता साहेब. खुशालरावांनाही हेच बरं होतं. आतलं चाक का नव्हतं हे मग कोणी विचारलंच नाही.

खोलीला नवा चुना दिला. दाराला काहीच झालं नव्हतं. धुतलं, रंगवलं, त्याच जागी ठेवलं.

५

दिवाळीनंतर जिन पुन्हा सुरू झालं. पहिल्याच दिवशी एकचा भोंगा झाला, बाया लिंबाखाली गेल्या. चतुराबाई दाराजवळच्या स्टुलावर डबा उघडून बसली.

ठक. ठक. ठक.

तिनं घास मोडला. रोजचंच. आणि मग, तीन ठोक्यांच्या मागून, दुसरं काहीतरी वाजलं. लोखंडावर लोखंड नव्हे. उघडा तळहात. चपचप, घाईघाईनं, खालच्या अंगाला. आणि प्रत्येक थापेबरोबर काचेसारखं काहीतरी किणकिणत होतं.

तिनं डबा तसाच बंद केला. मनाशी म्हणाली, कोण्या बाईच्या बांगड्या लिंबाखाली वाजल्या असतील. लिंब दीडशे पावलांवर होता. म्हणाली, पत्र्यावर चिमणी बसली असेल. दुसऱ्या दिवशी तिनं पत्र्यावर पाहिलं, चिमणी नव्हती. तिसऱ्या दिवशी मुद्दाम बायांना जवळच बसवलं. बायांना तीन ठोके ऐकू आले, त्यांनी नेहमीसारखे ओठ मुरडले, नंतरचं कोणालाच ऐकू आलं नाही. चतुराबाईनं एकेकीचं तोंड पाहिलं. सगळ्या जेवत होत्या.

तेव्हा ती खुशालरावांकडं गेली, की हे दार काढा. मग ललितकडं. मग सुनेला सांगितलं. त्याचं काय झालं ते वर आलंच आहे.

एका दुपारी उंबरठ्याखाली पाणी दिसलं. ओंजळभर. जिनात रुईच्या खोलीजवळ कोणी पाण्याचा तांब्याही नेत नाही. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. चतुराबाईचं माहेर भातकुलीकडचं, तिकडं विहिरीचं पाणीही खारं, त्यावर ती लहानाची मोठी झालेली. जमिनीचं खारं तिला ओळखू येत होतं. हे ते नव्हतं.

६

अमरावतीच्या कोर्टात तारीख लागली. मुख्य साक्ष चतुराबाईची. तारखेच्या आदल्या दिवशी गजेंद्र जिनाच्या फाटकापाशी आला. आत यायची त्याला मनाई होती, म्हणून तो बाहेर उभा राहिला आणि ती आत. तो वाळला होता. खूप वेळ फाटकाच्या गजाचा गंज नखानं काढत राहिला.

"मावशी, एक इचारतो. रागावू नका."

"बोल नं."

"त्या दिवशी जे वाजलं, ते रोजच्यासारखंच वाजलं ना? मी लय आठवतो, पण मले आता काही समजत नाही. झोपीत येगळंच ऐकू येते. तुमी तं तिथंच होत्या. तुमी सांगा."

चतुराबाईच्या तोंडात जीभ होती. वीस बायांना धाकात ठेवणारी.

"रोजच्यासारखंच," ती म्हणाली.

त्याचे खांदे खाली आले. "मंग ठीक आहे. तुमी म्हणता तं ठीक आहे. कोर्टात काय व्हायचं ते होवो." तो सायकलवर बसून गेला.

तिच्या शब्दावर विश्वास ठेवणारं आख्ख्या गावात हे एकच माणूस होतं. ती फाटकाला धरून तिथंच खाली बसली.

कारण झालं होतं ते असं. त्या सकाळी शकुन दहा मिनिटं उशिरा आली, आठवड्यात तिसऱ्यांदा. फाटकाशी दुसरं कोणी नव्हतं. चतुराबाईनं तिच्या पायांतल्या चपला काढून घेतल्या, निळ्या रबरी, एक पट्टा सेफ्टीपिनेनं जोडलेला. संध्याकाळी घे, म्हणाली, चाल आज अशीच, मग वेळेवर येशील. चपला तिनं आपल्या पत्र्याच्या कपाटात टाकून कुलूप लावलं. शकुननं लाजेनं कोणाला सांगितलं नाही. अंगणात कापसाच्या पराट्यांचे खुंट, गोखरूचे काटे. दुपारी बाया लिंबाकडं गेल्या तेव्हा ती अनवाणी जाऊ शकली नाही. रुईतच बसून जेवली असेल. तिथंच डोळा लागला असेल.

धूर दिसला तेव्हा चतुराबाईनं विटांची ओळ पाहिली. रिकामी. "आत कोणी नाही, लाव दार," तीच ओरडली. गजेंद्रनं चाक फिरवलं. मग आतून वाजलं. त्याचा हात पुन्हा चाकावर गेला. मावशी, आतून वाजून राहिलं, म्हणाला.

तिनं त्याचा हात धरून बाजूला केला. "दार रोजच वाजते," ती म्हणाली.

पण ते रोजचं नव्हतं. रोज तीनदा वाजतं. ते मोजता येत नव्हतं. त्यात बांगड्या होत्या. चतुराबाईनं त्या ऐकल्या, ओळखल्या, आणि तिला त्याच क्षणी कपाटातल्या चपला आठवल्या. एक क्षण. तेवढ्यात चाक उलटं फिरलं असतं. पण आता उघडलं तर सगळ्यांना कळेल, की हिनं लहान पोरीच्या चपला काढून घेतल्या आणि वर दारही लावलं, हे तिच्या मनात आधी आलं. हात त्याच्या मनगटावर तसाच राहिला. मग आवाज थांबला. आता उघडून काय, असं मनानं म्हटलं. मनाला तेवढंच हवं होतं.

७

गजेंद्र गेला त्याच दुपारी एकचा भोंगा झाला. बाया लिंबाखाली गेल्या. चतुराबाईनं आत जाऊन खोली पाहिली. रुई छातीएवढी, वर उन्हाची तिरीप, कोणी नाही. बाहेर आली, दार लावलं, चाक फिरवलं. स्टुलावर न बसता काचेपुढं उभी राहिली.

दोन वर्षांत त्या काचेतून कधी कोणाला काही दिसलं नव्हतं. जुनी काच, पिवळी पडलेली. तिनं पदरानं पुसली आणि डोळा लावला.

पांढरं दिसलं. रुईच, तिला वाटलं. मग दिसलं की ते पांढरं वर आहे, आढ्याला टेकलेलं, आणि पाण्यावर तरंगल्यासारखं हळूहळू डुलतंय. खाली काळोख. ती टाचा उंचावून खाली बघू लागली. काळोखात बूट होते. जाड, लेस बांधलेले, पुष्कळ, एकमेकांना लागून, रांगेत उभं राहतात तसे. तोंडं दिसत नव्हती. बरंच झालं, दिसत नव्हती.

बुटांच्या मध्ये थोडी जागा सोडलेली होती. त्या जागेत दोन उघडी पावलं. बोटांत जोडवी. काट्यांत चालणारा माणूस पाऊल टाकतो तशी, टाचा उचललेली.

जे आत होते त्या सगळ्यांच्या पायांत काही ना काही होतं. तिच्याच नव्हतं.

चतुराबाई मागं सरली नाही. तिला भीती वाटायला हवी होती. पण तिचं तोंड भाजल्यासारखं तापलं, कान तापले. लहानपणी शाळेत चोरी पकडली गेली होती तेव्हा जसं झालं होतं, तसं. काचेपलीकडून कोणी तिच्याकडं रागानं बघत नव्हतं. ते नुसते वाट बघत होते.

ठक. ठक. ठक.

मग बांगड्या.

तिनं चाक फिरवून दार उघडलं. रुई होती. उन्हाची तिरीप होती. उंबरठा ओला होता.

८

कोर्टात पंखा हळू फिरत होता. गजेंद्र भिंतीशी उभा होता, धुतलेला सदरा घालून. त्यानं तिला लांबून हात जोडले. चतुराबाईनं कापडी पिशवी काखेत धरलेली होती. पट्टेवाला म्हणाला, बाई, पिशवी खाली ठेवा. ती म्हणाली, नाही ठेवत.

सरकारी वकिलांनी पोलिसांना दिलेला जबाब वाचून दाखवला. सही तुमचीच ना? तिची होती. धूर दिसला तेव्हा तुम्ही कुठं होता? दाराशी. आतून काही आवाज आला होता का?

चतुराबाईनं लाकडी कठड्यावर हात ठेवला. कठडा आतून वाजला. तीनदा. मग घाईघाईनं, खालच्या अंगाला, तिच्या गुडघ्यापाशी. तिनं न्यायाधीशांकडं पाहिलं. ते लिहीत होते. टायपिस्ट वाट बघत होता. ऐकू फक्त तिलाच आलं होतं, आणि आता तिला कोणाला पटवायचंही नव्हतं.

"आला होता," ती म्हणाली. "दार लावाले गजेंद्रले सांगितलं होतं. मंग तो उघडत होता. त्याचा हात धरला होता."

वकिलांनी चष्मा काढला. जबाबात तर असं काही नाही, म्हणाले.

तिनं पिशवीतून चपला काढल्या आणि कठड्यावर ठेवल्या. निळ्या रबरी. एक पट्टा सेफ्टीपिनेनं जोडलेला. तळाला अजून त्या सकाळची माती होती. कोर्टात चपला वर ठेवतात का, असं कोणीतरी मागून बोललं. गजेंद्र बघत राहिला. चपला कोणाच्या ते त्याला कळलं, मग कुठं होत्या ते कळलं, आणि त्यानं तिच्यावरची नजर काढून घेतली. कुठल्याही शिवीपेक्षा तिला ते झोंबलं.

न्यायाधीशांनी लिहायचं थांबवलं. "दार लावायला कोणी सांगितलं? हात कोणी धरला? नाव सांगा."

"चतुराबाई."

"बाई, तुमचं नाव नाही विचारलं. तुमचं नाव लिहिलंय वर. दार लावायला सांगितलं त्या माणसाचं नाव विचारतोय."

"तेच सांगून राहिली साहेब," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, तरी मागच्या बाकापर्यंत गेला. "पुरं लिहा. चतुराबाई नत्थुजी ढोले."